ढेपेला ओळखणारी गाडी

१२ नोव्हेंबर २०१७, रविवार

बीप वाजत नाही! नवी कोरी गाडी, घेऊन आठ दिवस झाले नाहीत. पुस्तिकेत चित्रासकट छापलंय — बाजूच्या सीटवर माणूस बसला अन् पट्टा लावला नाही, की गाडी ओरडेल. माझी बायको मैना आज उमरखेडहून ढाणकीपर्यंत पट्ट्याशिवाय बसली. गाडी मुकी!

बाकी गाडी चांगली, खोटं कशाला लिहू. उंची अशी की नाल्यातला दगड पोटाला लागत नाही. मागे घेताना पडद्यावर अख्खी गल्ली दिसते. चढावर तिसऱ्या गिअरात हसत जाते. आवाज इतका कमी की इंजिन चालू आहे का बंद, हे मला दोनदा कान लावून पाहावं लागलं. मला! रस्त्यानं चाललेल्या जीपचं कोणतं बेअरिंग गेलं हे माझ्या पार्टच्या दुकानाच्या खुर्चीवरून सांगणारा माणूस मी.

आणखी एक खोड — बाहेरून हत्ती, आतून कोंदट. दर गिअरला माझं कोपर मैनाच्या हाताला लागतं. जीपमध्येही एवढंच लागत होतं. मग एवढा पैसा घालून सुधारलं काय?

१५ नोव्हेंबर

जुनं गिऱ्हाईक देवराव दुकानी आले. गाडीभोवती एक चक्कर मारली. "आमच्या बोंडात अळी, अन् तुह्या दारात गाडी! मजा हाय लेका." हसून म्हणाले, मीही हसलो. पण हसण्यातला खडखडाट माझ्या कानाला कळतो. आठ एकरातलं एकेक बोंड फोडून पाहिलं त्यांनी, आत गुलाबी अळी. ट्रॅक्टर उभाच आहे, पार्ट लागणार कशाला? दुकानात दिवसभर मी अन् माशा. गाडी बुक केली तेव्हा कापसाची पऱ्हाटी हिरवीगार होती, हे कोणाकोणाला सांगत फिरू?

संध्याकाळी गाडीवर ताडपत्री टाकली.

हेही सांगितलं नाही कोणाला — गाडी मैनासाठी घेतली. सोळा वर्षं ती माझ्यासंगं काळी-पिवळी जीपमध्ये. ढाणकी-उमरखेड, उमरखेड-ढाणकी. सवाऱ्या मोजायची, धूळ खायची. समोर मला धरून चार माणसं. फाट्यावर कोणी हात केला की मी म्हणायचो, "मैना, सरक," अन् पाचवं माणूस मावायचं. त्याच्यावरच दुकान उभं झालं. म्हटलं, आता तरी राणीसारखी बसावी. तर ती राणी बसली हेच गाडीला कळत नाही!

१९ नोव्हेंबर

हद्द झाली. गाईसाठी सरकी ढेपेचं पोतं आणलं, डिक्कीत दुसरं सामान होतं म्हणून समोरच्या सीटवर ठेवलं. गाडी घरापर्यंत बोंबलत आली — पट्टा लावा, पट्टा लावा! शेवटी पोत्याला पट्टा बांधला, तेव्हा गप्प झाली.

मैनाला म्हटलं, "ढेपेले ओळखते, तुले नाही ओळखत!"

"ढेपेले वजन असते," म्हणाली. "माह्यं कोणत्या दिवशी होतं या घरात?"

बोलायला लागली की ऐकत नाही कोणाचं. हसलो. पण राग गेला नाही. फोन केला शोरूमला. म्हणतात, घेऊन या.

२३ नोव्हेंबर

ढाणकी रस्त्यावर रोही (नीलगाय) आडवा आला. एकदम ब्रेक! गाडी जागच्या जागी उभी राहिली, ब्रेकला नावं ठेवायला जागा नाही. पण मैनाचं कपाळ समोर आदळलं. पट्टा नव्हता. बीप वाजला असता तर लावला असता ना? रोही उभा राहून पाहत होता, जसं काय आम्हीच त्याच्या आडवे आलो.

२४ नोव्हेंबर

टेंगूळ निळं पडलं. पट्टा लाव म्हटलं तर म्हणते, "लावला की कमरेत टोचते." एवढ्या किमतीची सीट, अन् टोचते!

२ डिसेंबर, शनिवार

महागाव, आर्णी करत यवतमाळ. मैनाला संगं नेलं, पुरावा म्हणून. शोरूमच्या उर्वशी मॅडम बोलायला गोड. "काकू, तुम्ही बसा बरं." गाडी उभी, मी बाहेर, मॅडम स्टिअरिंगवर. मैना बसली — अन् बीप! ठणठणीत! तीनदा उठवलं, तीनदा बसवलं. तीनदा वाजला. बाजारात लंगडणारा बैल डॉक्टरसमोर धावावा तसं.

"काका, सेन्सर बरोबर आहे, सीटवर पुरतं वजन पडलं की वाजतो. तुमचा काही गैरसमज..."

गैरसमज! ज्याच्या कानावर अख्ख्या उमरखेडच्या जीपा चालल्या, त्याला म्हणते गैरसमज. मी म्हटलं, सीट बदलून द्या. म्हणाल्या, बसत नाही वॉरंटीत. आवाज चढला माझा. मैना बाही ओढत होती, "चला नं, लोक पाहून राह्यले."

परत निघालो. मी स्टिअरिंगवर, मैना बाजूला. गाडी मुकी! एकशे दहा किलोमीटरात एक बीप नाही.

ठरलं. गाडी विकायची. नांदेडचं एक गिऱ्हाईक आहे, मंगळवारी फोन करतो.

५ डिसेंबर, मंगळवार

सकाळी ढाणकीकडे. फाट्यावर मारोतराव हात करून उभे, जीपच्या काळातली सवारी. ब्रेक दाबला अन् तोंडातून निघूनच गेलं, "मैना, सरक!" मागची सीट अख्खी रिकामी असताना.

"सरकलीच त आहो," मैना म्हणाली.

वळून पाहिलं. दाराकडची सीट मोकळी, एक माणूस आरामात बसेल एवढी. मैना माझ्या अंगाला चिकटून, गिअरजवळच्या कडेवर अर्धी टेकलेली.

मारोतराव मागं बसले. मला कितीतरी वेळ पहिला गिअर सापडेना.