काकणं वाजेनात

९ नोव्हेंबर, रविवार

डोहाळजेवण उरकलं, सिद्धी कुंभारीला माहेरीच राहिली — आणि माझं सगळं बदललं. पहिलं बाळंतपण माहेरी, रीतच आहे म्हणे. ही रीत काढणाऱ्याला बायको नसणार.

दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरवी काकणं. असली दिसत होती की बघवेना. झाकलेल्या वाट्यांतली एक उघडली तर पेढा निघाला. बायका ओरडल्या — मुलगा, मुलगा. तर सासरे, शंकरप्पामामा, भर पंगतीत म्हणतात, "पेढा असू दे का बर्फी, कॉलेज पुरं करणारं निघालं म्हंजे झालं."

मी कॉलेज अर्ध्यात सोडलेलं सगळ्यांना ठाऊक. सगळे हसले. मी ताटावरून उठलो. त्या उंबऱ्याला परत पाय लावणार नाही. लिहून ठेवतो.

१० नोव्हेंबर, सोमवार

सिद्धीचा फोन. "गुरू, जेवण अर्धंच टाकून गेलास. तुला अर्धं सोडायची खोडच हाय की."

मी फोन ठेवला. मग मीच परत लावला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

कारखान्यात दिवसभर शाळेचे युनिफॉर्म पॅक करतो, डोक्यात तीच. संध्याकाळी ती फोन पोटावर ठेवते. "बोल की बाळाशी." काय बोलू? म्हटलं, "बावीस नंबर हाफ चड्डी, शंभर नग." ती इतकी हसली की काकणांच्या आवाजात पुढचं काही ऐकूच आलं नाही. म्हणाली, "लाथ मारली बघ. माल पसंत न्हाय त्याला."

खोलीत तिची गुलाबी ओढणी खुंटीला आहे. धुतली नाही. धुणारही नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

ये म्हणाली. म्हटलं, तुझ्या वडलांनी बोलवू दे. "ते बोलवत न्हाईत, तू येत न्हाईस. मी काय दोघांच्या मधली भिंत हाय का?"

गेलो नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आज फोनवर काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मग कळलं — काकणं वाजेनात. विचारलं. म्हणाली, "रुतल्यात. हात भरलाय माझा." मागून सासूबाई, दाक्षायणीमामी, कौतुकानं — "अंगावर तेज आलंय लेकीच्या. दृष्ट काढली आज." डोकं दोन दिवस दुखतंय, तर कपाळाला सुंठ उगाळून लावलीय.

सहाव्या महिन्यात तपासणीला मीच नेलं होतं. डॉक्टरबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या होत्या, "हातातोंडावर सूज, डोकं दुखणं, डोळ्यांपुढं काजवे — यातलं काहीही झालं तर घरी थांबायचं नाही."

परत फोन केला. विचारलं, डोळ्यांपुढं काही दिसतं का. हळूच म्हणाली, "चमचम करतंय. आईला सांगू नको, घाबरंल."

मघापासून गाडीची किल्ली हातात धरून बसलोय. मी का बसलोय?

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

काल लिहिता लिहिताच उठलो. कुंभारीत दारापर्यंत गेलो आणि पाय अडले. खरंच अडले. आतून मामांनी बघितलं. भांडायची तयारी करूनच गेलो होतो. ते कन्नडात म्हणाले, "ओळगे बा." मग मराठीत, "आत ये, गुरू." एवढंच. मी आत गेलो, सूज, काजवे सगळं सांगून टाकलं. मामांनी उलट एक प्रश्न केला नाही, जीप काढली.

मोठ्या दवाखान्यात बीपी बघून सिस्टर ओरडली, "एवढे दिवस काय करत होता?" सुई लावायला काकणं काढायला पाहिजेत. साबण लावला, तेल लावलं, हलेनात. मामी आडव्या आल्या — "बाळंत होईस्तोवर चुडा उतरवायचा न्हाय. त्यात नवरा समोर उभा!" सिद्धी डोळे मिटून म्हणाली, "आई, नवरा जिता हाय म्हणून तर वाढवायला सांगते. तू तोंड फिरीव."

मनगटाखाली रुमाल धरला आणि एकेक काकण मी फोडलं — वाढवलं म्हणायचं. मामी भिंतीकडे तोंड करून जप करत होत्या. शेवटच्या काकणाआधी मी रुमालाची घडी परत नीट घातली. सिद्धी म्हणाली, "कापड भरताना पण असंच करतोस का?"

खाली मनगटावर खोल वळ. त्यावर मी ओठ टेकले. मामा बघत होते. बघू देत.

आता कपडे न्यायला खोलीवर आलोय. प्रेशर उतरत नाही. रात्रीतून उतरलं नाही तर पोट उघडून बाळ काढणार. आठवा महिना आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या, दोघांसाठी प्रयत्न करू. फक्त प्रयत्न? त्यांच्या अंगावर जाणार होतो. गेलो नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

काल पोट उघडून बाळ काढलं. मुलगी. पावणेदोन किलो. सिद्धी शुद्धीवर आहे, प्रेशर उतरतंय, पण तिला अजून बसता येत नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, आजपासून बापानं छातीशी धरायचं, उघड्या अंगाला उघडं अंग, तासन् तास, न हलता. मला! आंघोळ केली, नखं कापली, पुढून बटणं असलेला शर्ट घातला. मामा खाली जीप घेऊन थांबलेत. निघालो. दार लावतो.