बारावी खुर्ची

मी, श्रीमती विद्युलता उमाकांत रणभिसे, वय वर्षे बहात्तर, धर्म ख्रिस्ती, सेवानिवृत्त मेट्रन, मूळ राहणार अहमदनगर, हल्ली राहणार अण्णा नगर, मद्रास, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे गेले आहेत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत. वकील गुरुमूर्ती म्हणाले, इंग्रजीत लिहा, कोर्टाला सोपे जाईल. नोकरीभर मी डॉक्टरांच्या सूचना इंग्रजीत उतरवून घेतल्या. माझी इच्छा मी मराठीत लिहीन. कोर्टाने भाषांतर करून घ्यावे.

१. राहता फ्लॅट व बँकेतील शिल्लक माझी एकुलती मुलगी अलकनंदा हिला मिळावी. ती तांबरमला कॉलेजात शिकवते. तिला मराठी वाचणे जड जाते. तरी तिने हे कागद दुसऱ्याकडून वाचून न घेता स्वतः अक्षर लावत वाचावेत. आईजवळ एक दुपार बसल्यासारखे होईल.

२. माझा मेट्रनचा बिल्ला माझ्याबरोबर शवपेटीत ठेवावा. आमचे पास्टर, रेव्हरंड ज्ञानशिखामणी, म्हणतात की पदे वर नेता येत नाहीत. येत नसतील तर वरचे लोक काढून घेतील, खालच्यांनी घाई करू नये. १९६७ साली मी या जागेसाठी अर्ज केला, तेव्हाचे पास्टर आमच्या घरी आले आणि यजमानांना म्हणाले, "महत्त्वाकांक्षा ख्रिस्ती बाईला शोभत नाही." यजमान मद्रासजवळच्या आवडी गावी रणगाड्यांच्या कारखान्यात फोरमन होते. ते म्हणाले, "ती माझं ऐकत नाही, तुमचं काय ऐकणार?" मी मेट्रन झाले. दहा वर्षे माझ्या वॉर्डात एकाही रोग्याच्या पाठीला पडून राहून जखम होऊ दिली नाही. त्या हावेबद्दल मी देवाकडे कधी क्षमा मागितली नाही आणि मागणारही नाही. नम्रतेचे धडे नेहमी खालच्या पायरीवरच्या माणसालाच का देतात, हे मात्र त्याला भेटल्यावर विचारणार आहे.

३. माझे पितळी घंगाळ. खरे तर याच्यासाठीच लिहायला बसले. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, त्याच्या स्मरणार्थ उत्तम शुक्रवाराच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी आमच्या मंडळीत पास्टर बाराजणांचे पाय धुतात. घंगाळ माझे. पाणी तापवायची देवळाची झाडलोट करणारी सुंदरी. खुर्च्यांवर बसायचे बाराही पुरुष. त्या यादीत नाव यावे म्हणून जे रुसवेफुगवे होत, ते लग्नाच्या मांडवातही होत नाहीत. शिवाय मंडळी घरूनच पाय घासूनपुसून येत. एकाने तर मोज्यात पावडर घातली होती.

१९८६ साली ठरले की बारावी खुर्ची एका बाईला द्यायची. कमिटीने सुंदरीचे नाव काढले. ते कळताच मी पास्टरांच्या घरी गेले आणि म्हणाले, "सगळ्यांसमोर बसायला ती बिचारी संकोचेल. तिला अवघडवू नका." सुंदरीला मी विचारले नव्हते. पास्टर म्हणाले, "मग कोणाला बसवू?" मी मान खाली घालून गप्प राहिले. त्या नम्रतेला लगेच फळ आले. गुरुवारी खुर्चीवर मी बसले आणि सुंदरीने पाणी आणून ठेवले. पाणी अगदी हवे तेवढेच कोमट होते.

मेट्रनची जागा मी मागून घेतली, ती माझी होती. ही खुर्ची मी नम्रतेचे नाव पुढे करून चोरली. याची मला लाज वाटते. पास्टरांचा आग्रह आहे की हे मी रविवारी मंडळीपुढे साक्ष म्हणून सांगावे. सांगणार नाही. लोक माझ्या नम्रतेचे कौतुक करतील आणि मला ते आवडेल. जिची चोरी केली, तिलाच सांगायचे मी ठरवले.

गेल्या मंगळवारी सुंदरीला घरी बोलावून सगळे सांगितले. तिचे तमिळ मराठीत लिहिते; पास्टरम्मा म्हणजे पास्टरांच्या पत्नी.

"ठाऊक आहे, अक्का. पास्टरम्मांनी तेव्हाच सांगितलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही मेट्रन. मी काय बोलणार? त्या दिवसासाठी मी नवी साडी घेतली होती. तीच नेसून पाणी तापवलं."

पाच वर्षे मी समजत होते की हिला काही नकोच असते. सुंदरी, मला माफ कर.

४. घंगाळ सुंदरीला द्यावे, असे वर लिहिले होते. ती ओळ खोडली आहे आणि खाडाखोडीवर माझी सही आहे. ती म्हणाली, "घेऊन काय करू? पुन्हा पाणीच तापवू?" मग तिने विचारले, खाली साक्षीदार म्हणून सह्या कोणाच्या. मी म्हटले, पास्टरांची आणि शेजारच्या डॉक्टर नारायणस्वामींची. "डॉक्टर नकोत. मी करते. मला माझं नाव लिहिता येतं. पास्टरांच्या वर." साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही, हा कायदा गुरुमूर्तींनी तिला दोनदा समजावला. "मिळू नये," ती म्हणाली. "नाव वर पाहिजे."

घंगाळ अलकनंदाने ठेवावे. मंडळीने आपले नवे घ्यावे आणि त्यासाठी पाणी कमिटीने तापवावे.

हे लिहीत असताना दोन्ही साक्षीदार माझ्यासमोर बसले आहेत. पास्टर आत्ताच म्हणाले, "आधी कोण, मागून कोण, याला काय महत्त्व आहे?"

मी म्हटले, "महत्त्व नसेल तर तुम्ही मागून करा."

वरील सर्व मजकूर माझा आहे, मला मान्य आहे आणि यातला एक शब्दही मी सौम्य करणार नाही.

ठिकाण : मद्रास
दिनांक : ९ सप्टेंबर १९९१

(सही) विद्युलता उमाकांत रणभिसे

साक्षीदार
१. (तमिळमध्ये सही) सुंदरी, देवळामागील खोली, अण्णा नगर
२. रेव्हरंड ज्ञानशिखामणी, पास्टर

टीप : पहिल्या साक्षीदाराची सही मोठी आल्यामुळे पानावर जागा उरली नाही. दुसऱ्या साक्षीदाराची सही मागील बाजूस घेतली आहे. वि. उ. र.