तीन सायकलींची काठी

प्रिय ठेंगू,

आता तू आईपेक्षाही दोन बोटं उंच झालीस, तरी कागदावर हात टेकला की हेच नाव उमटतं. रागावू नकोस. पत्र लिहितोय, कारण फोनवर आपण दोघं ‘जेवलात का’, ‘जेवलो’ एवढ्यावर येऊन थांबतो आणि मग मी तुझ्या खोलीतल्या पंख्याचा आवाज ऐकत बसतो. आठ महिन्यांत असे पाच फोन झाले. घरी तू एकदाही आली नाहीस. का, ते मला ठाऊक आहे. त्याकडे येतो, पण आधी बातमी सांगतो. मी जुनी व्हॅन शोधतोय. मोठी, उंच छताची; आत सायकली उभ्या राहतील आणि रात्री माणसं आडवी होतील अशी. आत्याला सांगितलं तेव्हा ती भांडी पुसत होती. वर न बघता म्हणाली, ‘दादा, पोहता येत नाही आणि विहीर विकत घेतोस?’ तिच्या कपाटाचं दार बरेच दिवस घासत होतं, ते काढून नीट बसवून दिलं आणि घरी आलो.

कल्पना माझी नाही, हे तुला माहीत आहेच. दरवर्षी आई तिच्या वाचनालयाच्या भांडारपालाची व्हॅन नऊ दिवसांसाठी मागून आणायची. वर्षभर ती पुस्तकांची गाडी गल्लीबोळांतून फिरवायची, आणि सुट्टीतही चाक तिच्याच हातात. मी शेजारच्या सीटवर बसून नकाशा उलटा धरायचो, तू मागे सायकलींच्या मध्ये पाय अडकवून झोपायचीस. त्या व्हॅनचं छत बुटकं होतं. कपडे बदलताना वाकून वाकून आई म्हणायची, ‘माझी पार कमान झाली. आपली स्वतःची घेऊ. जुनी चालेल, ठोकलेली चालेल, पण मला आत ताठ उभं राहता आलं पाहिजे.’ निघण्याआधी ती मनगटावरचं घड्याळ काढून न बघताच माझ्या तळव्यावर ठेवायची, कारण चाक फिरवताना पट्टा तिला काचायचा. मी ते खिशात टाकायचो. संध्याकाळी मुक्कामाला पोहोचलो की परत मागायची. इतक्या वर्षांत दोघांपैकी कुणी त्याबद्दल कधी काही बोललं नाही.

आजारपणात तिने माझ्याकडून काठी करून घेतली, ती तू पाहिली नसशील. आम्ही सुतार मोजायच्या फितीवर फारसा भरवसा ठेवत नाही. एखादी वस्तू कुठे बसवायची असेल तर एक सरळ पट्टी घेऊन तिच्यावरच सगळ्या खुणा करतो. मग आकडे लक्षात ठेवायला नकोत, काठी लावली की कळतं. तर तिच्या पलंगाशेजारी बसून मी कमरेएवढ्या लांबीच्या दोन पट्ट्या जोडल्या आणि तिने पेन्सिलीने खुणा करायला लावल्या. एका बाजूला हँडल वळवून शेजारी शेजारी उभ्या केलेल्या तीन सायकलींची रुंदी. दुसऱ्या बाजूला तिची स्वतःची उंची. त्यासाठी ती भिंतीला टेकून उभी राहिली. त्या दिवसांत ती फारशी उभी राहत नव्हती. खुणेजवळ तिने लिहिलं, ‘ताठ’. अक्षर थोडं हललंय.

ती काठी घेऊन मी गेल्या दीड महिन्यात पाच गाड्या पाहिल्या. दर रविवारी सकाळची प्रार्थना झाली की निघायचो. पहिली एका फुलवाल्याची. इंजिन उत्तम, तळाला गंज नाही, पण चाकांवरचे उंचवटे आत इतके आलेले की तिसरी सायकल बसेना. सोडली. दुसरी नळदुरुस्ती करणाऱ्याची, तिचंही तेच. तो माणूस वैतागला. ‘काका, गाडी घेताय की तिला सदरा शिवताय?’ म्हणाला. तिसरीचं छत बुटकं. चौथी पूर्वी रुग्णवाहिका होती. मालकाने रंग बदलला होता, पण छतावर सलाइनची बाटली अडकवायचा हूक राहून गेला होता. मी हुकाची उंची मोजली. ओढून पाहिला. मजबूत होता. मालकाचे आभार मानले आणि बसने घरी आलो. वाटेत मला काहीतरी वाटायला हवं होतं, असं मला वाटलं. खिडकीबाहेर पाहिलं, एका दुकानाची पाटी वाचली, दुसऱ्या दुकानाची पाटी वाचली, मग उतरायचं ठिकाण आलं.

हे मी तुझ्यापासून लपवत नाही. आई गेल्याच्या चौथ्या दिवशी मी कारखान्यात गेलो आणि शाळेच्या बाकांना पाय जोडायचं राहिलेलं काम पुरं केलं. संध्याकाळी तू दारात बॅग घेऊन उभी होतीस. ‘बाबा, तुम्हाला काही वाटतच नाही,’ म्हणालीस, टेबलावरचं आईचं घड्याळ उचललंस आणि गेलीस. घड्याळ नेलंस ते बरं केलंस. बाकीच्याचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही, कारण मला ते येत नव्हतं. अजून येत नाही. हात अंगाखाली दबून राहिला की सकाळी तो दुसऱ्याचाच असल्यासारखा पडलेला असतो ना, उचलून बाजूला ठेवावा लागतो, तसा मी स्वतःला उचलून कामावर ठेवतो, घरी आणतो. सकाळी डोळे मिटून बसतो. देवाकडे तक्रार करत नाही, मागतही नाही. नुसता हजेरी लावून येतो.

पाचवी गाडी पावाच्या भट्टीची. मालक म्हातारा, भट्टी मुलाकडे सोपवून घरी बसलेला. रंग उडालाय, मागच्या दारावर पोचा आहे, आत अजून पावाचा वास येतो. पण काठी लावली आणि तीन सायकलींची खूण बरोबर भिंतीला टेकली. उभी केली, तर ‘ताठ’च्या वर चार बोटं जागा उरली. मी चाकं पाहिली, खाली झोपून गंज पाहिला, वाकून जमिनीच्या फळ्या ठोकून पाहिल्या. म्हातारा स्टुलावर बसून सगळं बघत होता. शेवटी त्याने विचारलं, माणसं किती, सायकली किती. मी म्हणालो, तीन माणसं, तीन सायकली. ‘मग बाकीच्या दोघांना आणा की,’ तो म्हणाला. ‘काठीला काय विचारता सारखं? तिला थोडंच झोपायचंय आत.’

तेव्हा माझ्या लक्षात आलं. फुलवाल्याची गाडी चांगली होती. नळवाल्याचीही. दोन सायकली दोन्हींत आरामात राहिल्या असत्या. तीस वर्षं लाकूड कापतोय, चुकीच्या मापावर एक फळी कधी वाया घालवली नाही, आणि दीड महिना मी हे माप घेऊन फिरत होतो. पण म्हाताऱ्याला त्यातलं काही सांगितलं नाही. त्याने किल्ली लावून दिली आणि म्हणाला, एक चक्कर मारून या. मी गेलो, दार उघडलं आणि बसलो. शेजारच्या सीटवर. पट्टा लावला आणि वाट बघत राहिलो. म्हातारा बाहेर उभा राहून वाट बघत होता. बराच वेळ आम्ही दोघंही वाट बघत होतो. मग मला दिसलं की माझा उजवा हात मांडीवर उताणा पडलाय, तळवा वर करून.

रडू आलं नाही, खोटं कशाला सांगू. पण तो हात मला मिटता येईना. म्हातारा खिडकीशी आला, रिकाम्या सीटकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता किल्ली काढून घेतली. ‘पुढच्या रविवारपर्यंत कुणाला देत नाही,’ म्हणाला.

गावच्या शाळेत आमचे गुरुजी म्हणायचे, उत्तर आलं नाही तरी पायऱ्या लिहा, पायऱ्यांना गुण असतात. तू दारात विचारलंस त्याच्या पायऱ्या वर लिहिल्या आहेत, उत्तर तूच बघ. काल मी काठी शिकंज्यात धरली होती, एक सायकल कमी करावी म्हणून. करवत तीनदा टेकवली आणि तीनदा उचलली. भिंतीवर टांगलेल्या आईच्या सायकलीत दर गुरुवारी हवा भरतो, टायर अजून घट्ट आहेत. ती न्यायची की भिंतीवर राहू द्यायची, हे एकट्याने ठरवायचं माप नाही. आणि आत्या म्हणते ते खरंच आहे, मला गाडी चालवता येत नाही. आईने शिकवलं ते तुला. तेव्हा रविवारी ये. राहिली नाहीस तरी चालेल. भट्टीवाल्याच्या दारापासून आपल्या दारापर्यंत गाडी आणून दे आणि परत जा. फक्त येताना ते घड्याळ मनगटावर घालून ये, आणि निघण्याआधी काढून माझ्याकडे दे.

वाट बघत शेजारच्या सीटवर बसलेला,
तुझाच
बाबा