जीपच्या नव्या अँटेनाला काही बांधू नकोस

आई,

तू दळणाला गेलीस आणि पूर-बचाव पथकाचा फोन आला. नदीला पाणी वाढलंय, मी जीप घेऊन पुलाकडे निघालोय.

वायरलेसचा अँटेना नवा बसवलाय. टपावर चुंबकानं चिकटणारा स्वस्त होता, पण बाभळीची फांदी लागली की तो निघून पडतो. म्हणून बोल्टनं आवळायचा, बुडाशी स्प्रिंग असलेला घेतला. फांदी लागली की वाकतो आणि परत उभा राहतो.

मागच्या पुरात तुझ्या लिंबू-मिरचीच्या ओझ्यानं जुना अँटेना मोडला, असं पथकातला भागवत म्हणाला. ते मनाला लावून घेऊ नकोस. ती काडीच तकलादू होती. नवा बसवून देणारे नांदेडचे जलीलभाई मात्र हसून म्हणाले, "अम्माला सांगा, ही खुंटी न्हाई." मग त्यांनीच पुढच्या बंपरला एक कडी लावून दिली, तुझ्या लिंबू-मिरचीसाठी. आज मीच बांधून निघालोय.

भाकरी झाकून ठेव. घरचा वायरलेस सेट चालू ठेव. आणि माझा आवाज बंद पडला म्हणून मागच्यासारखी पावसात फाट्यावर येऊन उभी राहू नकोस. सेटजवळच बस. पुलावर पोचलो की पहिली हाक तुला मारतो.

रामलिंग