धोतर, लुगडं आणि थरथरणारी मशीन

गुरुजी, तुम्हाला जाऊन पंधरा-सोळा वर्षं तरी झाली असतील. मी आता पन्नाशीला आलोय. जालन्यात अजून तेच काम करतो, कपडे धुण्याच्या मशीन दुरुस्त करण्याचं. जवळजवळ रोज कुणाचा तरी फोन येतो की मशीन हलते, उड्या मारते, भिंतीवर जाऊन आदळते. मी सांगतो, आधी चारही पाय जमिनीला टेकलेत का बघा, वर ताटात पाणी ठेवून पातळी बघा, आणि एकटा जड कपडा आत टाकू नका. शेवटचं वाक्य बोलताना माझा आवाज थोडा उतरतो. तुमच्या राजूरच्या घरात मी हे वाक्य तुमच्यासमोर बोलायला पाहिजे होतं आणि बोललो नाही.

तुमच्या मुलानं पुण्याहून मशीन पाठवली होती. काकूंची बोटं संधिवातानं वाकडी झाली होती. पिळा द्यायला गेल्या की कपडा हातातून सुटायचा, तरी वर्षभर त्या तशाच धूत होत्या. मशीन आली आणि आठ दिवसांत तुम्ही मला बोलावून घेतलं. मी सकाळच्या गाडीनं आलो तर तुम्ही ओसरीवर खुर्ची टाकून बसलेले. "आज पुन्हा हलली तर संध्याकाळी टेम्पोत घालून परत," तुम्ही म्हणालात. "रोजचा धिंगाणा मला बिलकुल नको." तेवढ्यात शेजारच्या मावशी भिंतीवरून डोकावल्या, "काय ओ गुरुजी, मळणी यंत्र आणलं का घरात? माझ्या फळीवरचे डबे नाचून राह्यले!" मला हसू आलं होतं, पण तुम्ही हसला नाहीत, म्हणून मीही गिळलं. काकू न्हाणीच्या दारात उभ्या होत्या. मी अवजारांची पिशवी घेऊन आत गेलो तशा हळूच म्हणाल्या, "पोरा, नीट बघ रे. हे खरंच पाठवून देतील तिला."

मला तुमची भीती वाटायची. चौथीपर्यंत तुम्ही शिकवलंत, पण कधी मारलं नाही. चूक झाली की चष्मा काढून हातात धरायचात आणि नुसतं बघायचात. एकदा मी शेजारच्याच्या पाटीवरून गणित उतरवलं होतं. तुम्ही तसंच बघितलंत आणि म्हणालात, "उत्तर बराबर आहे. तुझं नाही." बस, एवढंच. पुढं तीसेक वर्षांचा झालो, लेकराबाळांचा बाप झालो, तरी तुम्ही चष्म्याला हात लावला की मी नजर खाली घालायचो.

न्हाणीची फरशी मोरीकडं उतरती होती. मशीनवर ताटात पाणी ठेवलं तर ते एका कडेला धावलं. मी पुढचे दोन पाय फिरवून उंच केले, ते परत फिरू नयेत म्हणून त्यांच्यावरच्या चाक्या आवळल्या, कोपरे दाबून बघितले. वाहतुकीसाठी ड्रमखाली घातलेला आधार काढलेला होता. मशीन रिकामी चालवली तर ताटातलं पाणी जरासुद्धा डुचमळलं नाही. काकूंच्या चेहऱ्यावर उजेड आला. मग त्यांनी तुमचं पूजेचं धोतर आत टाकलं, एकटंच. ड्रमनं वेग घेतला आणि दोन मिनिटांत मशीन धडधड करत दाराकडं सरकायला लागली. मी अंग टाकून ती धरून ठेवली. ओसरीवरून तुमचा आवाज आला, "हलली ना?"

कारण माझ्या लक्षात आलं होतं. पाणी काढायला ड्रम जोरात फिरतो तेव्हा कपडा कडेला चिकटतो. एकटाच असला तर सगळं वजन एका बाजूला. गोफणीत धोंडा घालून फिरवली की हात ओढला जातो, तसा ड्रम दर फेऱ्याला ओढला जातो. आणि तुमचा नियम होता की पूजेच्या धोतराबरोबर घरातला दुसरा एकही कपडा धुवायचा नाही. तशी धोतरं दोनच, एक अंगावर आणि एक धुण्यात. म्हणून आधी धोतर एकटं, आणि ते निघालं की काकूंचं नऊवार लुगडं एकटं. दोन्ही वेळेला तेच.

तुमचा नियम मला थोतांड वाटत नव्हता, गुरुजी. मीही आंघोळ करून धूतवस्त्र नेसल्याशिवाय देवाला हात लावत नाही. म्हणूनच तोंड उघडेना. तुम्ही दुपारच्या आरतीला देवळात गेलात तेव्हा मी काकूंना म्हणालो, "काकू, तुमचं लुगडं बी टाका याच्यासंगं." त्या दचकल्या. "मंग यांचं सोवळं?" मी झाकण उघडून धरलं. त्यांनी रस्त्याकडं बघितलं, आपल्या बोटांकडं बघितलं आणि लुगडं आत सोडलं. मी दोन्ही कपडे समोरासमोर पसरले, झाकण लावलं. मशीन फिरली. ताटातलं पाणी जागचं हललं नाही. काकू पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. त्या हसत होत्या की रडत होत्या, मला कळलं नाही. तुम्ही यायच्या आत लुगडं परसात दोरीवर गेलं होतं. "काय दोष होता?" तुम्ही विचारलंत. मी म्हणालो, "पाय खालीवर होते गुरुजी. बराबर केले." ते खोटं नव्हतं, पण पुरं खरंही नव्हतं. मशीन राहिली.

चारेक महिन्यांनी संकष्टीला मी दर्शनाला आलो आणि तुमच्याकडं टेकलो. आत मशीन चालू होती, नुसता घुमल्यासारखा आवाज. तुम्ही खुशीत होता. "बघ, आता चालली हे कळतसुद्धा नाही. हुशार निघालास." आवाज थांबला तसे तुम्ही उठलात. "बस तू. हिला उपास आहे, धोतर मीच टाकतो वाळत." काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या. तुमचा हात झाकणावर होता. मी उभा राहिलो. काहीही सुचलं असतं तरी बोललो असतो, झाकण अडकतंय म्हणालो असतो. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "त्यात माझं लुगडं बी हाय."

तुम्ही झाकणावरचा हात काढला नाहीत. "कवापासून?"

"हा येऊन गेल्ता, तवापासून."

तुम्ही चष्मा काढला. माझ्याकडं वळलात. "तुला माहीत होतं?"

मी म्हणालो, "नाही, गुरुजी."

काकूंनी माझ्याकडं एकदा बघितलं, फार नाही. मग तुम्हाला म्हणाल्या, "त्याला काहून विचारता? माझ्याच डोक्यातून निघालं." आणि खाली बघत बोटं चोळत राहिल्या.

तुम्ही ओरडला नाहीत. धोतराचा ओला बोळा बाहेर काढलात, बादलीत टाकलात आणि मोरीवर बसून परत धुवायला घेतलात. मी चहा न घेता निघालो. तुम्ही काकूंशी आठ दिवस बोलला नाहीत, हे पुढं मावशींनी सांगितलं. त्यानंतर तुमचं धोतर तुम्हीच धूत राहिलात, थंडीतसुद्धा, शेवटच्या आजारापर्यंत. मी येत राहिलो, पाया पडत राहिलो. देवळात गेलो की मूर्तीसमोर डोळे मिटायचो आणि मिटल्या डोळ्यांपुढं काकूंचं ते बघणं यायचं.

आता वाटतं, त्या दुपारी मी सरळ म्हणालो असतो की गुरुजी, एकटं धोतर या मशीनला झेपत नाही, तर तुम्हीच काही मार्ग काढला असतात. आणखी दोन धोतरं आणली असती, तीन-चार दिवसांची सोवळी एकदम धुतली असती. तुमचा नियमही राहिला असता आणि काकूंचे हातही. कदाचित रागावलाही असतात. पण मी तुम्हाला ती संधीच दिली नाही. तुम्ही नाहीच म्हणणार, असं मी ठरवून टाकलं आणि त्याचा सगळा भार त्या माउलीवर ठेवून गाडी पकडली. मला माहीत होतं, गुरुजी. मीच सांगितलं होतं.

हे पत्र तुम्हाला लिहायला मी इतकी वर्षं घेतली, पण खरं तर ते तुम्हाला लिहायचं नव्हतंच. काकू अजून आहेत, त्याच घरात. गेल्या चतुर्थीलाही त्यांनी मला फराळाचं वाढलं. त्यांच्यासमोर बसून हे सांगायची हिंमत होत नाही, म्हणून जे उलट विचारू शकत नाहीत त्यांना लिहीत बसलोय.