शोध थांबवलाय

१४ ऑक्टोबर, मंगळवार, संध्याकाळ

दादा जहाजावरून बेपत्ता झाल्याला बारा दिवस झाले. आज कंपनीचा मेल आला. घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, म्हणून इंग्रजी सगळं माझ्याकडे. गेल्या आठवड्यात शोध ‘सस्पेंड’ केला होता, म्हणजे वादळ ओसरल्यावर पुन्हा सुरू. तसंच मी घरी सांगितलं. आज ‘टर्मिनेट’ लिहिलंय. शब्दकोश दोनदा पाहिला. टर्मिनेट म्हणजे कायमचं.

वहिनी तांदूळ धुता धुता उठून आली. “काय लिवल्यानी गो?”

“शोध थांबवलाय.”

“परत तांच? तेंका दुसरो शब्द येना नाय काय?” थोडं हसलीसुद्धा. “मगे सुरू कधी करतले? इचार तेंका.”

थांबवलाय, यात खोटं काय? पण ती काय समजेल ते मला ठाऊक होतं. म्हणूनच तसं म्हटलं ना? टर्मिनेट. हे मी तिला कसं सांगू?

ती शेजारी उभीच राहिली, म्हणून मी तो प्रश्न इंग्रजीत लिहिला. पाठवला नाही. पाठवला म्हणून सांगितलं.

मग तिने माझा फोन स्वतः चार्जिंगला लावला. म्हणाली, “उत्तर येतला तेवा बंद पडाक नको.”