हिरवं बटण दाबणारी माणसं

१२ फेब्रुवारी, शनिवार

पुन्हा तेच. वाचनालयाच्या तळघरात माणसं आपापले लॅपटॉप छातीशी धरून बसलेली, दवाखान्यात नंबर लावून बसतात तशी. सगळ्यांना 'बर्चलाइन' इन्स्टॉल करून हवं. मी आणि कर्टिसने वर्षानुवर्षं रक्त आटवून ते लिहिलं. प्रोग्रॅम लिहायला शिकणाऱ्यांसाठी. फुकट. कोड सगळ्यांसाठी उघडा, कुणीही घ्यावा, बदलावा. आणि या शिकणाऱ्यांना 'डाउनलोड' लिहिलेलं बटण सापडत नाही!

एक बाई म्हणाली, "फाइल आली होती हो, पण मग कुठे गेली कळलंच नाही."

कुठे जाणार? आमच्या डुलूथच्या थंडीला कंटाळून फ्लोरिडाला गेली असेल.

एकाने तर मलाच विचारलं, "माझा पासवर्ड काय आहे?"

निघताना कर्टिस गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडत म्हणाला, "सॉल्वेग, तू नसतीस तर यातल्या एकाला तरी मी सरोवरात ढकललं असतं."

सरोवर गोठलंय. बुडलाही नसता.

१५ फेब्रुवारी

मदतीच्या पानावर दिवसभर एकच उत्तर चिकटवलं — 'सूचना वाचा.' वाचत नाहीत. वाचता येतं का, हीच शंका.

१९ फेब्रुवारी, शनिवार

नवा नमुना. एल्डन पेक्कला. उत्तरेकडच्या लोखंडाच्या खाणीतून कामावरून कमी केलेला. पन्नाशीचा, हात फावड्यासारखे. बर्फातून गाडी हाकत आला. रोजगार केंद्राच्या वर्गात नाव घातलंय, मार्चच्या सुरुवातीला परीक्षा, ती बर्चलाइनवरच. पास झाला तर गावातच कॉम्प्युटरचं काम मिळेल, घर सोडावं लागणार नाही — हे सगळं मी न विचारताच त्याने सांगितलं.

लॅपटॉप बायकोचा. उघडला तर आत जत्रा भरलेली. जाहिरातींवर जाहिराती, मधोमध लाल अक्षरांत 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, ताबडतोब फोन करा'.

"हे कुठून घेतलंत?"

"तुमच्याच पानावरून."

"आमच्या पानावर असलं काही नसतं."

"मोठं हिरवं बटण होतं, बाई."

"आमचं बटण हिरवं नाही."

त्याने चष्मा काढून बाहीला पुसला. मग म्हणाला, "असेल. चष्मा बदलायला झालाय."

असं बोलतात आणि आपल्यालाच वाईट ठरवतात. गूगलवर नाव टाकायचं, पहिली दिसेल ती जाहिरात दाबायची, आणि म्हणायचं तुमच्याच पानावरून! कचरा काढून दिला. माझ्या पेनड्राइव्हवर बर्चलाइन होतं, तिथल्या तिथे टाकून देता आलं असतं. नाही दिलं. म्हटलं, शिकायचंय ना? मग डाउनलोड तरी आपलं आपण करा. पत्ता छापलेला कागद हातात दिला आणि वाटेला लावलं.

२२ फेब्रुवारी

पेक्कलाचा मेल. पुन्हा तोच कचरा. "पत्ता अक्षर अक्षर बघून टाइप केला. बायकोलाही शेजारी बसवलं होतं."

मी लिहिलं, 'म्हणजे या वेळी दोघांनी मिळून चूक केलीत. प्रगती आहे.'

कर्टिसला दाखवलं. तो एवढा हसला की कॉफी सांडली.

२६ फेब्रुवारी, शनिवार

पेक्कला आला नाही. बरं झालं. पण बाकीच्या तिघा-चौघांच्या यंत्रात तोच कचरा, तीच लाल अक्षरं. मूर्खपणातसुद्धा यांना स्वतःचं काही सुचत नाही.

५ मार्च, शनिवार

पेक्कला आला, लॅपटॉपशिवाय. यंत्र पार बंद पडलं. दुरुस्तीवाल्याने हात टेकले. बायकोने साठवलेले मुलांचे फोटो गेले. परीक्षा परवा झाली. सराव करायला काही नव्हतं, तसाच बसला. नापास.

आता हा भांडणार, म्हणून मी तयारीत उभी. त्याने खिशातून फोन काढला.

"तुम्ही म्हणाला होतात बटण हिरवं नाही. मी पडद्याचा फोटो काढून ठेवला होता. म्हटलं, तुमच्या नावाने कुणी फसवत असेल तर तुम्हाला कळायला हवं."

फोटो पाहिला. बटण हिरवं. वर पत्ता. आमचा. एकही अक्षर इकडचं तिकडे नाही.

त्याच्यासमोरच वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर पत्ता टाइप केला. हिरवं बटण आलं.

ते पान मी कधीपासून उघडलं नव्हतं कोण जाणे. मी थेट कोड उचलते. नवख्यांच्या पानावर जायचं मला काय कारण?

"आहे ना?" पेक्कलाने विचारलं.

"आहे," मी म्हटलं. त्याने टोपी घातली आणि जिना चढून गेला.

पान कर्टिस सांभाळतो. तिथून तडक त्याच्याकडे. तो हॉटडिश खात होता. मलाही वाढायला लागला.

"पान कुणाला दिलंस?"

"जाहिरातवाल्यांना. हिवाळ्याच्या आधीच." शांतपणे. "आपला कोड जसाच्या तसा आहे गं. सोबत त्यांचं थोडं काहीतरी येतं, एवढंच. नको असेल तर बारीक अक्षरांपुढची टिकची खूण काढायची."

"नवख्या माणसाला दिसते ती?"

"न वाचणाऱ्याला नाही दिसत. ती माणसं काहीही दाबतात, हे तूच म्हणतेस ना? ज्यांना कळतं ते त्या पानावर जातच नाहीत. तू गेलीस कधी?"

"मला सांगितलं नाहीस."

त्याने काटा खाली ठेवला. त्याला खरंच नवल वाटलेलं दिसत होतं. "अगं, तुला त्यांचं काही पडलंय असं मला वाटलंच नाही."

त्याने वाढलेलं तसंच टाकून निघाले.

८ मार्च

मदतीच्या पानावर इशारा टाकला — अधिकृत पत्त्यावरून काहीही घेऊ नका. जेवून येईपर्यंत कर्टिसने तो काढला, आणि मलाही. स्वतः लिहिलेल्या कोडच्या दाराबाहेर मी!

पण कोड उघडा आहे. कुणीही घ्यावा. मी घेतला.

१७ मार्च

त्याच कोडला नवं नाव, नवं पान. एकच बटण, करड्या रंगाचं. बर्चलाइनच्या जुन्या वापरकर्त्यांपैकी काही जण सोबत आले. कर्टिस सगळ्यांना सांगतोय की माझं डोकं फिरलंय.

पेक्कलाला मेल लिहिला. तुमचं काहीच चुकलं नव्हतं. शनिवारी या. वाचनालयाचा लॅपटॉप मागून ठेवलाय, तुम्हाला घरी नेता येईल. इन्स्टॉल मी करून देते, आणि पुढच्या परीक्षेपर्यंत दर शनिवारी शेजारी बसते. 'माफ करा' हे दोन शब्द लिहिण्यात अख्खी सकाळ गेली. जगातले सगळे नवखे एका बाजूला, आणि हे दोन शब्द एका बाजूला.

१९ मार्च, शनिवार

तळघरात मी एकटी. माणसं तशीच. एकाने माउस पडद्यावर टेकवून विचारलं, "आता दाबू?" त्याचा हात धरून टेबलावर आणला. जीभ चावावी लागली.

शेजारची खुर्ची पेक्कलासाठी धरून ठेवली होती. एक बाई विचारायला आली, इथे कुणी आहे का. आहे म्हटलं.

२३ मार्च

पेक्कलाचं उत्तर आलं. दूर नॉर्थ डकोटात तेलाच्या विहिरींवर काम मिळालं, परवाच निघून गेला. बायको गावातच राहिली आहे. 'कॉम्प्युटरचं राहू द्या, बाई,' असं लिहिलंय. 'ते माझ्यासारख्याचं काम नाही, हे मला आता कळलं.'